पाहुण्यांचं पाणी

पाण्याला चव असते हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. जन्म सांगलीत गेला, कृष्णेच्या काठी. नळ सोडला की पाणी येतं, पेला भरला की संपला विषय. अकोल्याकडच्या एका गावानं मला पाणी ओळखायला शिकवलं, आणि तेही आधी चांगलं तोंडावर पाडून. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. एका मुलीच्या लग्नाचा त्यात संबंध आहे, आणि नाव कळलं की लोक लगेच चौकशा करायला लागतात. तेल्हारा तालुक्यात, हिवरखेडहून खाली पूर्णा नदीच्या अंगाला, एवढं पुरे.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत विदर्भात जाते म्हटल्यावर घरातल्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. एप्रिलात शहाणी माणसं विदर्भातून बाहेर पडतात, आत जात नाहीत. पण सुनंदाचा फोन आला होता. सुनंदा माझी होस्टेलची मैत्रीण, आता अमरावतीत डॉक्टर. तिला नमस्कार-चमत्कार ठाऊक नाहीत.

"कुमे, सुट्टीत काय करून राहिली?"

"लोणची घालतेय."

"लोणच्याले आग लाव. बाटल्या घेऊन इकडं ये."

राजापेठ, अमरावती

सुनंदाचा दवाखाना राजापेठेत. वरच्या मजल्यावर बारावीचा ट्यूशन क्लास, खाली दुचाक्यांचा असा गुंता की पेशंटपेक्षा गाड्या बाहेर काढायला जास्त वेळ लागतो. खिडकीत वाळ्याच्या पडद्यांचा भलामोठा कूलर घरघरत असतो आणि त्याच्यापुढे बसायला मिळावं म्हणून बरी झालेली माणसंही उठत नाहीत. पहिल्या सकाळी तिनं मला कोपऱ्यावरचा गिलावडा खाऊ घातला. दह्याच्या खाली लपलेली ती चटणी घशातून उतरली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि सुनंदा मनापासून हसली. पुण्या-सांगलीकडची माणसं तिखटानं रडताना बघणं हा वऱ्हाडातला जुना करमणुकीचा प्रकार असावा.

मग तिनं काम सांगितलं. ही दोन हजार पाच-सहाच्या आसपासची गोष्ट. कापसानं कंबर मोडली होती. वऱ्हाडात तेव्हा रोज कुठून ना कुठून तरी पाहणी करणारी मंडळी येत आणि तेच ते प्रश्न विचारून जात. सुनंदाचा प्रश्न मात्र वेगळा होता. तिच्याकडे मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण यायचे, त्यांतले बरेच पूर्णेच्या खोऱ्यातल्या ठरावीक गावांचे. दारू नाही, साखरेचा आजार नाही, तरी तिशी-चाळिशीत मूत्रपिंड गेलेलं. हा सगळा भाग खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारट आणि जड. दोष त्या पाण्यात होता, की त्या घराण्यांच्या रक्तात?

"पहिले हे नुसतं बोलायचंच काम होतं," सुनंदा म्हणाली. "आता रक्तातली खोट पाहता येते. नमुने मी पुण्याच्या लॅबले पाठवले, रिपोर्ट यायचाय. पाण्याचं तू पाह्य."

मला गंमत वाटली. एकाच प्रश्नाच्या एका टोकाला तिचं वैद्यक, दुसऱ्या टोकाला पुण्यातले जनुकांचे जाणकार आणि मधे माझ्या काचेच्या नळ्या. वर्गात मी पोरांना ओरडून सांगत असते की शास्त्रं वेगळी नसतात. ते खरं करून बघायची संधी पहिल्यांदाच आली होती.

"आणि हे नुसतं कुतूहल नाही बरं," ती म्हणाली आणि तिनं मला हमीदाबींबद्दल सांगितलं.

हमीदाबींचा नवरा याच आजारानं गेला, मोठे दीर त्याच्या आधी गेले. आता थोरला मुलगा अस्लम. सत्तावीस वर्षांचा, त्याच्याही तपासणीत बिघाड दिसायला लागला होता. धाकटी शाहीन. तिचं लग्न परतवाड्याच्या एका मुलाशी ठरत आलं होतं. मुलगा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, मुलगी त्यांना पसंत होती. पण मुलाच्या बापानं, इसाकमियांनी, शेवटी हात जोडून सांगितलं होतं की घरात तीन-तीन माणसांना एकच आजार आहे, तो रक्तात नाही असं डॉक्टरनं सांगावं, मग तारीख काढू. आणि रक्तात निघाला तर माफ करा.

"दुष्ट माणूस," मी म्हणाले.

"काहून? तुया पोराचं असतं तं तू नसतं विचारलं?" सुनंदा म्हणाली. मी विचारलंच असतं.

खारपाणपट्टा

रविवारी दवाखाना बंद. आम्ही दोघी अकोल्याला आलो आणि तिथून रामभाऊ ठाकऱ्यांच्या जीपनं गावाकडे निघालो. रामभाऊ त्याच गावचे, कापूस-तुरीचे शेतकरी, सुनंदाचे जुने पेशंट. डोक्याला दुपट्टा असा गुंडाळलेला की फक्त मिशा दिसत होत्या. त्यांनी मलाही एक दुपट्टा दिला आणि खिशात ठेवायला एक कांदा. उन्हाच्या झळेवर कांदा कसा काम करतो याचं रासायनिक कारण मला सांगता येईना, म्हणून मी तो मुकाट्यानं पर्समध्ये टाकला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन भेगाळून पडली होती. हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा भेगा. वाळलेल्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या काड्यांचे, ढीग घरांच्या मागे रचून ठेवलेले, चुलीसाठी. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. रामभाऊंनी तिकडे बोट केलं. "थ्या डोंगराच्या पायथ्याशी गोडं पानी. आमच्याकडं येतायेता खारं होऊन जाते. देवानं मधातच मीठ टाकलं."

"मॅडम, तुमी थ्या सरकारी मदतीच्या पॅकेजच्या का?" त्यांनी मग विचारलं.

"नाही हो, मी पाण्याची."

"हे बरं झालं. आतालोक लय टीमा आल्या. किती पिकलं, किती बुडालं, सारं इचारून गेल्या. पानी कोनं नाई इचारलं."

गावात उतरल्यावर हातपंपावर हात धुतले. साबण कितीही चोळला तरी फेस येईना, हातावर नुसता चिकट पांढरा थर. मी लहान मुलासारखी खूश झाले. पुस्तकात वाचलेलं आणि फळ्यावर शेकडो वेळा लिहिलेलं जड पाणी इथे माझ्या बोटांवर होतं. मी लगेच एक बाटली भरून घेतली. पण सुनंदाची शिस्त वेगळी होती. तिचं म्हणणं, हातपंपाचं पाणी धुण्याभांड्याला वापरतात, पोटात जातं ते घरच्या माठातलं. तेव्हा घरोघरी जाऊन, "तुम्ही पिता ते पाणी द्या," असं सांगून नमुने घ्यायचे. मला ते पटलं. आजही पटतं, चूक त्या विचारात नव्हतीच.

आम्ही घरं फिरलो. अगत्य असं की प्रत्येक घरी बसावं लागे. वऱ्हाडी बोलणं कानाला रांगडं लागतं. "बसा की, काहून उभ्या राहिल्या?" हे आमच्याकडे कोणी म्हटलं तर भांडण सुरू झालं असं वाटेल. इथे त्याच्या पाठोपाठ पाण्याचा तांब्या येतो. पाणी चांगलं गोड लागत होतं. मी नोंद केली की लोक पिण्यासाठी हिवरखेडच्या बाजूचं पाणी आणतात. सायकलींना कॅन बांधलेले दिसतही होते. प्रत्येक घरी विचारलं, "हेच पिता ना?" प्रत्येक घरी उत्तर आलं, "हो जी, हेच."

हमीदाबींचं घर गावाच्या टोकाला. कापूस पिंजायचा पिढीजात धंदा, थोडी जमीन. अंगणात पिंजलेल्या कापसाच्या गाद्या उन्हात टाकलेल्या आणि दारात निंबाची सावली. हमीदाबी उंच, सावकाश बोलणाऱ्या. मला त्यांनी लगेच मास्तरीणबाई करून टाकलं.

"मास्तरीनबाई, जेवल्याबिगर जाऊ नोका. गरिबाची डाय-भाकर हाये."

ती तुरीची डाळ मी विसरणार नाही. लोण्यासारखी शिजलेली, वरून लसणाची फोडणी, सोबत अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर. मी दोनदा वाढून घेतली आणि बोटं चाटत शाहीनला समजावून सांगितलं की जड पाण्यात डाळ शिजत नाही, कारण त्यातले क्षार डाळीच्या सालीतल्या द्रव्याला धरून बसतात. तिनं लक्ष देऊन ऐकलं. बी.ए.ला बाहेरून बसलेली पोरगी, डोळे चलाख. तिच्या आईनं तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं माझ्या विद्वत्तेनं भारावल्या.

नमुना घ्यायची वेळ आली तेव्हा हमीदाबींनी पुढच्या खोलीतल्या तांब्याच्या घागरीवरचं फडकं काढलं आणि जपून बाटली भरून दिली. थेंब सांडू दिला नाही. शाहीन माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, रक्तात काही निंघालं तं थे पुसता येते का?"

"नाही गं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"मंग पान्यातच निंघू द्या," ती म्हणाली.

अकोला

अकोल्यात सुनंदाच्या ओळखीच्या एका तपासणी केंद्रात मला टेबलाचा एक कोपरा मिळाला होता. भारनियमन असल्यामुळे पंखा असून नसल्यासारखा. त्या उकाड्यात मी एकेक बाटली उघडून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकत गेले. पाण्यात मीठ असलं की दही लागल्यासारखा पांढरा साका धरतो, नसलं की जेमतेम धुरकट होतं. हातपंपाच्या बाटलीनं लगेच दही लावलं. मी सरसावून बसले. मग घराघरांतल्या बाटल्या. पहिली धुरकट. दुसरी धुरकट. सगळ्याच्या सगळ्या धुरकट. क्षारांची दुसरी चाचणी केली, तीही तशीच. हे पाणी मी सांगलीत आनंदानं प्यायले असते.

सुनंदानं एकेक नळी उजेडाला धरून पाहिली. मग म्हणाली, "म्हंजे पाणी सुटलं. राहिलं रक्त."

आणि नेमका तेव्हाच अस्लम दारात उभा राहिला. दर महिन्याच्या तपासणीसाठी तो अकोल्याला आला होता, आम्ही इथे आहोत हे कळल्यावर भेटायला आला. बारीक अंगाचा, पायांवर थोडी सूज. त्यानं थेट विचारलं, आणि सुनंदा रुग्णांशी खोटं बोलत नाही. तिनं सांगितलं की पिण्याच्या पाण्यात काही सापडलं नाही, पुण्याचा रिपोर्ट यायचाय, तोवर धीर धर.

त्यानं टेबलावरच्या बाटल्यांकडे पाहिलं, पण त्या कुठल्या पाण्याच्या आहेत हे विचारलं नाही. आम्हीही दाखवल्या नाहीत.

"म्हंजे आमच्या खूनातच हाये," तो म्हणाला. "मायं जाऊ द्या, डाक्टरीनबाई. शाहीनचं काय करू? इसाकचाचाले काय सांगू?"

त्याच्या हातात शाहीनसाठी घेतलेल्या बांगड्यांचा पुडा होता. तो त्यानं पिशवीत खाली ढकलला आणि निघून गेला. मला फार वाईट वाटलं. निकाल बरोबर काढल्याचा आनंद मला आयुष्यभर होत आला आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं, हा निकाल चुकला असता तर किती बरं झालं असतं.

पुन्हा त्याच अंगणात

मी परत अमरावतीला जाऊन गाडी पकडायची आणि घर गाठायचं, असं ठरलं. पण निघताना लक्षात आलं की लांबचं बघायचा चष्मा नाही. पर्समधून कांदा निघाला, चष्मा निघेना. जेवताना वाफेनं काच धुरकटली म्हणून मी तो हमीदाबींकडे कोनाड्यात ठेवला होता. सुनंदा दवाखान्यासाठी पुढे गेली आणि मी रामभाऊंच्या जीपनं परत गावाकडे निघाले, न कळवता.

अंगणात गेले तर हमीदाबी बाहेर गेलेल्या आणि शाहीन चुलीपुढे वैतागून बसलेली. चुलीवर गंज, म्हणजे आपलं पातेलं, आणि त्यात डाळ उकळत होती. मला बघून ती एकदम उठली. डोळे सुजले होते. अस्लमनं घरी सगळं सांगितलं असणार.

मी पळीनं डाळ हलवली. दाणे टणाटण वाजत होते. "कधीची ठेवलीस?"

"सकाळपासून. सोडा टाकला तरी शिजून नाई राहिली. आमच्या पान्यात कधीच धड शिजत नाई."

"अगं, परवा तर लोण्यासारखी झाली होती."

"परवा तुमी होत्या ना, बाई," ती म्हणाली. "परवा गोड्या पान्यात टाकली होती."

मी पळी तशीच हातात धरून उभी राहिले. ज्या डाळीवर मी या मुलीला व्याख्यान दिलं होतं, त्याच डाळीनं मला सांगायचं ते सांगितलं होतं, आणि मी ते खाऊन बसले होते.

"शाहीन, मला बाटलीत भरून दिलंत ते कुठलं पाणी?"

"थेच. घागरीतलं. पाव्हन्यायचं."

"आणि तुम्ही काय पिता?"

तिनं मागच्या पडवीतल्या माठाकडे बोट केलं. मी तिथला पेला भरला आणि तोंडाला लावला. प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही हा माझा नियम आहे, तो मी मोडला. खारट, कडवट, जिभेवर धातूसारखं काहीतरी राहतं असं पाणी. दुसरा घोट घेण्याआधी मला थांबावं लागलं.

"मग मी विचारलं, 'हेच पिता ना', तेव्हा हो का म्हणालात?"

"पाव्हन्याच्या तोंडावर कसं सांगावं, आमी खारं पेतो म्हून?" तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. "अन् बाटली तुमच्याच हाती द्यायची होती. खारं तं तुमी हातपंपावरून नेलंच होतं ना."

तेवढ्यात रामभाऊ आत आले. मी त्यांच्याकडे वळून विचारलं, "तुमच्या घरी?" त्यांनी दुपट्टा सोडला, परत बांधला. "मायाही घरी थेच देलं, मॅडम. सायकलवरून येते थे पानी घरात एक घागर. थे पाव्हन्यायसाठी, बाळंतिनीसाठी. तुमी सांगलीहून आलेल्या, तुमच्या हाती खारं द्यायचं?" मग म्हणाले, "अन् खरं सांगू? खाऱ्या पान्याच्या गावात कोनी पोरगी देत नाई. म्हून आमी कोनालेच सांगत नाई. सोयरिकीचे लोक घर पाहाले आले का पहिले घागर भरून ठिवतो."

आमच्याकडे पाहुणा आला की चहा ताजा टाकतात, साखर थोडी सढळ हातानं पडते. इथे पाहुण्यासाठी पाणीच वेगळं असतं. गावानं आम्हाला फसवलं नव्हतं. त्यांच्याकडे जे सगळ्यात चांगलं होतं ते प्रत्येक घरानं आमच्या बाटलीत ओतलं होतं, आणि त्या चांगुलपणानं शाहीनचं लग्न मोडायला निघालं होतं.

मग परत घरोघरी. या खेपेला रामभाऊ पुढे आणि त्यांचा खणखणीत आवाज. "गोडं नोको! सोतं पेता थे आना! लाजायचं काम नाई!" पण लाजायचंच काम होतं. परवा अभिमानानं घागर वाकवणाऱ्या बायका आता माठातलं पाणी देताना बाटलीवर पदर धरत होत्या. एका म्हातारीनं बाटली भरून दिली आणि परत मागितली. "हे नोको नेऊ माय. गावाचं नाव खराब होते." तिची समजूत घालायला रामभाऊंना अर्धा तास लागला.

मला अकोल्यापर्यंत थांबवेना. माझं सगळं सामान जीपमध्येच होतं. हमीदाबींच्या अंगणात गादीच्या कडेला मी नळ्या मांडल्या आणि सिल्व्हर नायट्रेटचा ड्रॉपर शाहीनच्या हातात दिला. तिनं पहिला थेंब सोडला. पाणी झर्रकन पांढरं झालं, ताकासारखं. दुसरी नळी, तशीच. तिसरी, चौथी. घागरीतल्या पाण्याची एक नळी मी मुद्दाम शेजारी ठेवली होती, ती एकटी जेमतेम धुरकट. शाहीन दोन्ही पाण्यांच्या नळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती.

"हे आमी पेतो?" ती म्हणाली.

घाईत तिच्या बोटांवर औषध सांडलं. ते उन्हात काळं पडतं आणि बरेच दिवस निघत नाही. माझी बोटं तर आधीच कोळशासारखी झाली होती. रामभाऊ म्हणाले, "घ्या, पोरीची मेंदी लागली." कोणाला हसू यायला नको होतं, पण ती हसली, आणि तिचं पाहून मलाही हसू आलं.

शेवटची फेरी

मी जाणं पुढे ढकललं. घरी फोन केला, लोणच्याच्या कैऱ्या शेजारी देऊन टाका म्हणून सांगितलं. पुण्याचा रिपोर्ट अमरावतीला आला तेव्हा मी सुनंदाच्या कूलरपुढच्या रांगेत सगळ्यात पक्की जागा मिळवून बसले होते. तिनं कागद उभ्यानंच वाचला. मूत्रपिंडाच्या आजारांची जी आनुवंशिक खोट तेव्हा ओळखता येत होती, ती हमीदाबींच्या मुलांच्या रक्तात सापडली नव्हती. तिनं तिथूनच इसाकमियांना फोन लावला. मला एका बाजूचंच ऐकू येत होतं. "हो. नाई, खोट नाई सापडली. जे पाहता येते ते सारं पाह्यलं, त्यापलीकडचं मले नाई सांगता येत. हो, पाणी पाह्यलं, लय खराब हाये." मग बराच वेळ ती ऐकत होती. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तारीख काढा म्हणते. अन् म्हणते, पोरीले तिथून लवकर आनतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गावात होतो. निंबाखाली खाटा टाकलेल्या. सुनंदानं सांगितलं तसा अस्लमनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. शाहीन आत पळाली. शेजारच्या बाया आल्या, कोणीतरी माझ्या तोंडात साखर कोंबली, रामभाऊंनी आपल्याच घरचं कार्य असल्यासारखं मंडपाचं बोलायला सुरुवात केली. मला इतका आनंद झाला होता की मी हमीदाबींना मिठी मारली. तेव्हा लक्षात आलं की त्या ताठ उभ्या आहेत.

"डाक्टरीनबाई," त्या म्हणाल्या, "खून साफ हाये ना?"

"जेवढं पाहता आलं तेवढं साफ हाये, भाभी."

"मंग शाहीनचे अब्बा पान्यानं गेले?"

सुनंदा खाटेवरून उठली. "असं पक्कं मी नाई सांगू शकत. अजून लय गोष्टी पाहाच्या हायेत. पण पाणी खराब हाये, अन् या आजारात थे वाईटच. एवढं सांगते."

हमीदाबींनी मान हलवली. रडल्या नाहीत. पुढच्या खोलीकडे, घागरीकडे बघत म्हणाल्या, "थे बिमार होते तवा रोज लोक भेटाले येत. मी साऱ्यायले गोडं देऊ. अन् त्यायले मागच्या माठातलं. घरच्या मानसाले काय, म्हनू. थेबी म्हनत, पाव्हन्यायले पुरलं पाह्यजे."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, पण त्यांना तो नको होता.

अस्लम अवघडून उठला आणि रिवाजाप्रमाणे आत जाऊन घागरीतून दोन पेले भरून आणले, एक सुनंदासाठी, एक माझ्यासाठी. मी हात पुढे केला. हमीदाबींनी मधेच येऊन तो पेला घेतला आणि अस्लमच्याच हातात परत ठेवला.

"तू पी."

"अम्मी, पाव्हने हायेत."

"हायेत तं हायेत."

दुसरा पेलाही त्यांनी सुनंदाच्या हातातून काढून त्याच्यापुढे खाटेवर ठेवला. मग त्या मागच्या पडवीत गेल्या, माठातून दोन पेले भरून घेऊन आल्या आणि आमच्या हातात दिले. या खेपेला त्यांनी पदर आड धरला नाही. आम्ही दोघी ते पाणी शेवटपर्यंत प्यायलो. अस्लम पेला हातात धरून तसाच उभा होता, सगळ्या गावादेखत पाहुण्यांचं पाणी प्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि त्याची आई त्याच्यासमोर उभी होती, तो पिईपर्यंत हलणार नव्हती.